कॅटॅलिटिक लाकडी स्टोव्ह: ज्वाळेकडे नको, काट्याकडे बघा

न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात जुनं घर घेतलं की बऱ्याचदा दिवाणखान्यातला लोखंडी किंवा सोपस्टोन नावाच्या दगडाचा स्टोव्ह घराबरोबरच पदरात पडतो. हिमवादळात वीज जाते, तेलावर चालणारं हीटिंग बंद पडतं, आणि मग त्या स्टोव्हकडे लक्ष जातं. चूल किंवा शेकोटी पेटवायची सवय असलेला आपला माणूस भडका दिसला की निश्चिंत होतो आणि ज्वाळा विझली की अस्वस्थ होतो. कॅटॅलिटिक स्टोव्ह चालवताना ही सवय पहिल्यांदा सोडावी लागते. तो उत्तम चालत असताना काचेमागे जवळजवळ अंधार असू शकतो, आणि नुसती धग मात्र खोलीभर असते. हा स्टोव्ह मुख्यतः धूर जाळतो. त्यामुळे आत नीट चाललंय की नाही हे डोळ्यांपेक्षा थर्मामीटर जास्त खात्रीने सांगतो.

आधी तुमचा स्टोव्ह ओळखा

स्टोव्हच्या मागे किंवा बाजूला धातूची पट्टी असते. त्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं प्रमाणपत्र आणि मॉडेलचं नाव असतं. कॅटॅलिटिक आहे का, हेही बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. दुसरी खूण म्हणजे बायपासचा, म्हणजे धुराची वाट बदलणाऱ्या झडपेचा दांडा. हवा कमी-जास्त करायच्या दांड्याशिवाय आणखी एक दांडा असेल आणि तो ओढल्यावर आतून झडप पडल्याचा 'खट्' असा आवाज येत असेल, तर तो स्टोव्ह कॅटॅलिटिक असण्याचा संभव मोठा. मॉडेलचं नाव कळलं की त्याचं मॅन्युअल इंटरनेटवरून उतरवून घ्या आणि छापून स्टोव्हजवळ ठेवा. मी खाली देतोय ते आकडे साधारण आहेत. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच धरायचा.

ईपीएने लाकडी स्टोव्हच्या धुरावर पहिल्यांदा देशव्यापी मर्यादा घातली ती 1988 साली. 2015 मध्ये नियम नव्याने लिहिले गेले, आणि मे 2020 पासून नव्या स्टोव्हसाठी मर्यादा ताशी 2 ग्रॅम कणांपर्यंत खाली आली. फक्त ही मर्यादा प्रयोगशाळेत, ठरावीक पद्धतीने जाळलेल्या लाकडावर तपासतात. तोच स्टोव्ह ओल्या लाकडावर आणि चुकीच्या वेळी बायपास बंद करून चालवला, तर पट्टीवरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आत काय घडतं

लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबरासारख्या पदार्थांचे सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. लाकडातल्या उष्णतेचा मोठा हिस्सा याच धुरात असतो. एरवी हा धूर पूर्ण जळायला साधारण 1100 अंश फॅरनहाइट (सुमारे 590 सेल्सिअस) तापमान लागतं. मंद आगीत तेवढं तापमान मिळत नाही, म्हणून धूर न जळताच धुरांड्यात जातो आणि थंड भिंतींवर काजळीचं चिकट डांबर होऊन बसतो. कॅटॅलिटिक स्टोव्हमध्ये धुराच्या वाटेत सिरॅमिकची किंवा स्टीलच्या पातळ पत्र्याची, मधाच्या पोळ्यासारख्या भोकाभोकांची एक वडी बसवलेली असते. तिच्यावर पॅलेडियम, प्लॅटिनम यांसारख्या धातूंचा अगदी पातळ लेप असतो. या लेपामुळे तोच धूर 500 अंश फॅरनहाइटच्या (260 सेल्सिअस) आसपास पेट घेतो. या वडीला इथे सगळे नुसतं 'कॅट' म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

कॅट तापण्याआधी सगळा धूर त्या बारीक भोकांतून ढकलला तर ती काजळीने बुजतात. म्हणून बायपास असतो. तो उघडा असताना धूर सरळ धुरांड्यात जातो, आणि बंद केला की त्याला कॅटमधूनच जावं लागतं. बायपास नेमका कधी बंद करायचा, हे कळलं की निम्मं काम कळलं.

लाकूड

यावर मी सगळ्यात जास्त भर देतो, कारण कॅट चालत नाही अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी ओलं लाकूड असतं. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. विकणारा 'सीझन्ड' (वाळवलेलं) म्हणतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. मोजायची पद्धत मात्र नेमकी हवी. ढिगाच्या मधलं एक लाकूड घ्या. ते बाहेरच्या थंडीतून आणलेलं असेल तर एक दिवस घरात राहू द्या, कारण गोठलेल्या लाकडावर यंत्र खरा आकडा दाखवत नाही. मग कुऱ्हाडीने ते उभं फोडा, आणि ताज्या फोडलेल्या बाजूच्या मधोमध, रेषांच्या दिशेने दोन्ही सुया नीट दाबून बसवा. बाहेरच्या बाजूला किंवा टोकाला मोजलं तर 15 दाखवेल, आत मात्र 28 असू शकतं. यंत्र नसेल तेव्हा जळतानाच्या खुणा बघा: टोकाला फेस येणं, सूं-सूं आवाज, पेटायला लागणारा उशीर.

ओक वाळायला दोन ते तीन वर्षं घेतो. मेपल आणि बर्च फोडून, वर छप्पर आणि बाजूंनी वारा मिळेल असे रचले तर साधारण वर्ष-दीड वर्षात तयार होतात. ॲशचं लाकूड मुळातच कमी ओलं असतं. एमराल्ड ॲश बोरर या किड्याने ॲशची झाडं मोठ्या प्रमाणावर मेल्यामुळे इथे ते सहज मिळतं. पण हा किडा जळणाबरोबर प्रवास करतो, म्हणून लाकूड शक्यतो आपल्या गावाच्या आसपासचंच घ्या. लांबून आणण्यावर काही राज्यांत बंदीही आहे. खरेदी करताना 'कॉर्ड' म्हणजे रचलेलं 128 घनफूट लाकूड, 4 × 4 × 8 फूट. 'फेस कॉर्ड' म्हणजे एकच रांग, आणि ती कितीतरी कमी भरते. भाव विचारताना कोणतं माप आहे ते स्पष्ट करून घ्या.

रंगवलेलं किंवा रसायन लावलेलं लाकूड, प्लायवूड, समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेलं खारं लाकूड, चकचकीत छापील कागद, प्लास्टिक, घरातला कचरा यातलं काहीही आत टाकायचं नाही. शिसं, जस्त, गंधक, क्लोरिन यांनी कॅटचा लेप निकामी होतो, आणि तो धुऊन परत येत नाही. पेटवण्यासाठी रॉकेलसारखं कोणतंही द्रव वापरू नका. साधं वर्तमानपत्र आणि वाळक्या ढलप्या पुरतात.

थर्मामीटर कुठे लावायचे

सगळ्यात महत्त्वाचा कॅटचा थर्मामीटर. काही स्टोव्हना तो कारखान्यातूनच असतो: वरच्या पत्र्यावर तबकडी आणि आत कॅटपर्यंत गेलेली सळई. तबकडीवर आकड्यांऐवजी 'इनॲक्टिव्ह' आणि 'ॲक्टिव्ह' असे पट्टे असू शकतात. तबकडीचा काटा आळशी असतो. आत बदल झाला तरी तो काही मिनिटांनी हलतो. म्हणून स्टोव्हला सळईसाठी भोक असेल तर के-प्रकारच्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) डिजिटल थर्मामीटर बसवणं मला फायद्याचं वाटतं, विशेषतः पहिल्या हिवाळ्यात, जेव्हा दांडा हलवला की काय होतं हे शिकायचं असतं.

दुसरा स्टोव्हच्या वरच्या पत्र्यावर, चुंबकाने चिकटणारा (सोपस्टोनवर तो नुसता ठेवायचा). तिसरा धुराच्या पाइपवर, स्टोव्हपासून साधारण दीड फूट वर. एकेरी पत्र्याचा पाइप असेल तर पृष्ठभागावरचा चालतो, आणि साधारण 250 ते 475 फॅरनहाइट (120 ते 245 सेल्सिअस) हा चांगला टप्पा. दुहेरी पत्र्याचा पाइप असेल तर बाहेरून मोजून काहीच कळत नाही. तिथे आत सळई जाणाराच थर्मामीटर हवा आणि त्याचे आकडेही वेगळे, वरचे असतात. कॅट जोरात चालत असताना पाइप तुलनेने थंड राहू शकतो, कारण उष्णता घरात थांबलेली असते. म्हणून एकट्या पाइपच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका.

थंड स्टोव्ह पेटवताना

बायपास उघडा, हवेचा दांडा पूर्ण उघडा. दोन-तीन मध्यम लाकडं खाली, त्यावर बारीक फोडलेली, सगळ्यात वर ढलप्या आणि कागद. आग वरून खाली येऊ द्या. धूर कमी होतो आणि धुरांडं लवकर तापतं. धुरांडं बाहेरच्या भिंतीला असेल आणि गारठलेलं असेल, तर आधी कागदाचा एक बोळा बायपासच्या तोंडाजवळ पेटवा म्हणजे धूर वर खेचणारी ओढ सुरू होते.

इथे आपल्या घरांसाठी एक खास सूचना. फोडणी देताना लावलेला मोठा एक्झॉस्ट पंखा घरातली हवा इतकी खेचतो की नव्या, घट्ट बांधलेल्या घरात धुरांड्याची ओढ उलटी फिरते आणि धूर खोलीत येतो. स्टोव्ह पेटवताना आणि दार उघडताना तो पंखा बंद ठेवा, किंवा जवळची एक खिडकी बोटभर उघडा.

आता थांबायचं. कॅटचा काटा 500 फॅरनहाइट ओलांडेपर्यंत, किंवा ॲक्टिव्ह पट्ट्यात नीट शिरेपर्यंत बायपासला हात लावायचा नाही. थंड स्टोव्हला यासाठी अर्धा तास सहज लागतो, सोपस्टोनला त्याहून जास्त. आग जोरात दिसते म्हणून घाई करण्याचा मोह इथेच होतो. काटा नुसता रेषेला टेकला म्हणून बंद करू नका. आकडा चढता हवा आणि सगळ्या लाकडांना आग लागलेली हवी.

मग बायपास पूर्ण बंद करा, अर्धवट कधीही नाही. हवा लगेच कमी करू नका. कॅट खरोखर पेटला असेल तर पाच-दहा मिनिटांत त्याचा आकडा स्वतःहून वर जायला लागतो आणि 700, 900 करत चढतो. काही स्टोव्हमध्ये कॅट लालसर झळकताना दिसतो. झळकला तर आनंदच आहे, पण न झळकणारा कॅटही चालू असतो. त्याची लाली ठराविक तापमानाच्या वरच दिसते.

हवा कमी करण्याची रीत

हवेचा दांडा एकदम ओढून खाली आणायचा नाही. तीन-चार टप्प्यांत, प्रत्येक टप्प्यानंतर पाच-दहा मिनिटं आकडे बघत. हवा झटकन कमी केली की ज्वाळा विझते, पण तापलेली लाकडं वायू सोडतच राहतात. न जळलेला तो सगळा धूर कॅटवर जातो आणि आग कमी केल्यावर कॅटचं तापमान उलट उसळतं. नवख्यांना याचं फार आश्चर्य वाटतं. साधारण 700 ते 1400 फॅरनहाइट (370 ते 760 सेल्सिअस) हा कॅटचा कामाचा टप्पा. 1600 च्या (870 सेल्सिअस) वर तो रेंगाळू देऊ नका, तिथे लेपाचं आयुष्य कमी होतं. आकडा त्या दिशेने चढत असेल तर दार उघडू नका. दांड्याचे छोटे बदल करा, स्टोव्हचा स्वतःचा पंखा असेल तर वाढवा, आणि मॅन्युअलमधला त्या स्टोव्हचा उपाय पाळा. हा उपाय प्रत्येक बनावटीत वेगळा आहे. पेटवायला बसण्याआधीच तो वाचून ठेवायला हवा.

बायपास बंद करून अर्धा तास झाला की कोट चढवून बाहेर जा आणि धुरांड्याचं तोंड बघा. ही तपासणी फुकट आहे आणि कोणत्याही यंत्राहून खरी. निळसर-करडा धूर टोपीपासूनच सुरू होऊन लांबवर, छपराला धरून पसरत असेल तर कॅट काम करत नाही. वाफ असेल तर ती टोपीच्या जरा वर, थोडी मोकळी जागा सोडून पांढरी दिसायला लागते आणि विरून जाते. कडाक्याच्या थंडीत ती लांब दिसते, म्हणून वासही घ्या. न्यू हॅम्पशायरमधल्या कीनसारख्या खोलगट गावांत हिवाळ्यातल्या शांत रात्री थंड हवा तळाशी अडकते आणि लाकडांचा धूर तिथेच साचून राहतो. तो शेजारच्या मुलांच्या आणि दम्याच्या रुग्णांच्या छातीत जातो. एवढ्यासाठी रोज एक फेरी मारायला हरकत नाही.

रात्रीचं भरणं

समजा रात्रीचे साडेनऊ झाले आहेत, कॅट 600 वर उतरलाय आणि तळाशी निखाऱ्यांचा जाड थर आहे. हवा वाढवा, बायपास उघडा, मिनिटभर थांबा. दार आधी बोटभरच उघडा, ओढ बसू द्या, मग सावकाश पूर्ण उघडा. या क्रमाने गेलात तर खोलीत धूर येत नाही. बायपास बंद असताना दार उघडलं तर धूर तर येतोच, शिवाय थंड हवा तापलेल्या कॅटवर आदळते आणि सिरॅमिक तडकतं. निखारे पुढे, दाराकडे ओढून घ्या. मोठी लाकडं मागे आणि खाली, फटी कमी ठेवून रचा. काचेला टेकू देऊ नका. बर्फ चिकटलेलं लाकूड तर कधीच नको. दिवसभर लागणारी लाकडं सकाळीच आत आणून ठेवावीत.

दार लावा. आता बहुतेक बनावटींत दहा-पंधरा मिनिटं बायपास उघडाच ठेवायचा असतो, म्हणजे ताज्या लाकडातली वाफ कॅट चुकवून निघून जाते. काही कंपन्या मात्र कॅट तापलेला असेल तर बायपास लगेच बंद करून हवा मोठी ठेवायला सांगतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते इथे फार महत्त्वाचं ठरतं. लोखंड तापताना टिकटिक वाजतं, लाकडांच्या सालीवर काळा थर चढतो, पाइपचा काटा वर येतो. मग बायपास बंद, आणि हवा टप्प्याटप्प्याने खाली. म्हणजे भरल्यापासून झोपायला जाईपर्यंत निदान पाऊण तास हाताशी हवा. कॅट स्थिर झाल्याशिवाय झोपायला जाऊ नका. नीट बसवलेला स्टोव्ह रात्रभर काळ्या काचेमागे धूर जाळत राहतो आणि सकाळी पेटवायला पुरेसे निखारे शिल्लक ठेवतो.

बिघडतंय हे ओळखणं

कॅटचा आकडा 500 च्या खाली घसरतोय, आत भरपूर न जळलेलं लाकूड आहे आणि बाहेर धूर दिसतोय, म्हणजे कॅट विझला. हवा खूप लवकर खाली आणली किंवा लाकूड ओलं होतं. हवा वाढवा. दहा मिनिटांत फरक नाही पडला तर बायपास उघडून आग पुन्हा जोरात येऊ द्या आणि सगळा क्रम पुन्हा करा.

आत धूर घुमून अचानक 'भप्' करून पेटतो आणि सांध्यांतून खोलीत धुराची फुंकर येते, याचा अर्थ हवा फार कमी आहे. दार चुकूनही उघडू नका. हवा हळूच थोडी वाढवा. हे वारंवार होत असेल तर धुरांड्याची ओढ तपासून घ्यावी लागेल. शरद ऋतूतल्या उबदार दिवशी ओढ मुळातच कमजोर असते. तेव्हा स्टोव्ह मंद चालवण्यापेक्षा छोटी, जोरदार आग करून विझू देणं बरं.

हवा पूर्ण बंद करूनही आग ऐकत नसेल तर दाराच्या कडेने हवा अडवण्यासाठी बसवलेल्या दोरीकडे बघा. थंड स्टोव्हच्या दारात एक डॉलरची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर तिथली दोरी बदलायची वेळ झाली. अशी कडेकडेने सगळीकडे तपासा. बायपासच्या झडपेची दोरी लोक विसरतात. ती गळत असेल तर कॅट नवा असूनही धूर बाहेर पडतो.

कॅटची देखभाल

महिन्या-दीड महिन्याने, स्टोव्ह पूर्ण थंड असताना कॅटचं तोंड टॉर्चने बघा. करडी भुकटी राखेची असते, ती मऊ ब्रशने अलगद काढा. तारेचा ब्रश नको, खिळा नको. काळी काजळी बहुधा एका गरम, कोरड्या आगीत जळून जाते. सिरॅमिकमध्ये केसासारख्या भेगा दिसल्या तर लगेच घाबरू नका. तुकडे पडत असतील तर मात्र तो बदलायला हवा.

काही हिवाळ्यांनंतर कॅट सुस्तावतो. बायपास बंद केल्यावर आकडा चढत नाही, जास्त हवा द्यावी लागते, लाकूड जास्त लागतं. उत्पादकाची परवानगी असेल तर बदलण्याआधी एक उपाय करून बघा. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात कॅट अर्धा तास मंद उकळायचा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात दोनदा, आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर पूर्ण कोरडा करायचा. भांडं यासाठी वेगळं ठेवा. काढताना मास्क आणि हातमोजे घाला, आणि कॅटभोवतीची फटी बुजवणारी पट्टी नवीन लावा. नीट वापरलेला कॅट साधारण 10,000 तास किंवा थोडा जास्त चालतो, म्हणजे रोज चोवीस तास जाळणाऱ्या घरात दोन-तीन हिवाळे आणि फक्त संध्याकाळी जाळणाऱ्या घरात कितीतरी जास्त. नवा कॅट उन्हाळ्यात मागवा. जानेवारीत तो हमखास संपलेला असतो.

धुरांडं आणि राख

धुरांड्याची तपासणी वर्षातून एकदा, जाणकाराकडून. आत तीन मिलिमीटर काजळी साचली असेल तर झाडून घ्यायलाच हवी. स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवेत. सोफा, पडदे, लाकडांची टोपली स्टोव्हपासून तीन फूट लांब ठेवा.

राख तळाशी थोडी ठेवून बाकीची काढा. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच, आणि तो डबा घराबाहेर, दगडावर किंवा उघड्या जमिनीवर, भिंतीपासून लांब. लाकडी डेकवर किंवा गॅरेजमध्ये नाही. थंड वाटणाऱ्या राखेत निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो, आणि अशा राखेमुळे घरं जळतात. व्हॅक्यूम क्लीनरने राख ओढू नका. पूर्ण गार झालेली राख बागेत थोडी-थोडी टाकता येते, फक्त ब्लूबेरीजवळ नको, तिला आम्लधर्मी माती लागते.